घराशेजारी भूमिगत मेट्रो स्टेशन येणार असेल तर बॅरिकेड लागायच्या आधी काय करून ठेवायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नागपाड्याजवळ सासरे राहतात ती जुनी सेस बिल्डिंग (म्हणजे म्हाडाच्या दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे, खाली दुकानं, वर सगळे पागडीवाले म्हणजे पागडी देऊन राहणारे जुने भाडेकरू, आणि मेट्रो ११ म्हणजे आणिक डेपो ते गेटवे ही लाइन भायखळा, नागपाडा, भेंडी बाजार अशी जमिनीखालून जाणार असं वाचल्यापासून घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत. बोगदा बिल्डिंगखालून गेला तर काय, काम चालू असताना म्हाताऱ्या माणसाने तिथे राहायचं का, आणि आत्तापासून काही करता येतं का. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, मुंबईत भूमिगत मेट्रोच्या कामाशेजारच्या जुन्या इमारती तपासणं आणि काम चालू असताना त्यांच्यावर लक्ष ठेवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे बोगद्याला घाबरतात आणि खरा त्रास बहुतेक वेळा बोगद्याचा नसतो, स्टेशनच्या खड्ड्याचा असतो. बोगदा खोदणारं मशीन म्हणजे टीबीएम, मुंबईत ते बहुतेक ठिकाणी खडकातून जातं, मागोमाग काँक्रीटच्या रिंगा बसत जातात आणि रिंग आणि खडक यांच्यातली पोकळी लगेच ग्राउटने म्हणजे सिमेंटच्या घोळाने भरली जाते, दिवसाला दहा-बारा मीटर जरी पुढे सरकलं तरी तुमच्या बिल्डिंगखालून ते काही दिवसांत पार होतं. त्या दिवसांत रात्री कान लावला तर जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो, काहींना तर तोही कळत नाही. मेट्रो ३ ची साडेतेहतीस किलोमीटरची लाइन, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली, टीबीएम १७ लागली, आणि खाली किती जुनी वस्ती होती बघा, तरी लोकांच्या तक्रारी स्टेशनांभोवतीच जास्त होत्या, दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात कमी.

स्टेशन म्हणजे दोन-अडीचशे मीटर लांब, वीसेक मीटर रुंद आणि वीस-पंचवीस मीटर खोल खड्डा, तो भरायला नाही तर वर्षानुवर्षं उघडा ठेवायला केलेला, म्हणजे वर डेकिंग म्हणजे तात्पुरता रस्ता टाकून ट्रॅफिक चालू असतो पण खाली खड्डाच. आधी कडेने पायलिंग करतात म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचे खांब घालतात, एकमेकांत थोडे घुसतील असे पाइल घातले की सिकंट पाइल म्हणतात, मग टप्प्याटप्प्याने खोदत खाली जायचं आणि भिंती आत येऊ नयेत म्हणून आडवे स्टीलचे स्ट्रट किंवा खडकात अँकर. भिंत कितीही भक्कम केली तरी काही मिलिमीटर आत झुकतेच, आणि ती झुकली की मागची जमीन तेवढी खचते. खड्ड्याच्या अगदी कडेला जास्त, लांब जाऊ तशी कमी. म्हणून पहिला प्रश्न ‘बोगदा खालून जातोय का’ हा नाही, ‘स्टेशन बॉक्सची (म्हणजे या खड्ड्याची) भिंत आमच्या पायापासून किती मीटर’ हा विचारायचा. एंट्री-एक्झिटचा खड्डा पण धरायचा, कारण बॉक्स रस्त्याच्या मधोमध असतो पण एंट्री फुटपाथवर म्हणजे तुमच्या जोत्याला लागून येते, आणि बऱ्याचदा ती सगळ्यात शेवटी बांधली जाते, लोकांना वाटतं काम संपलं आणि तेव्हाच दाराशी खोदकाम सुरू होतं.

तुमच्या भागाबद्दल एक वेगळी गोष्ट आहे. भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा हा सगळा सखल भाग, मुंबईची बेटं जोडायच्या आधी भरतीचं पाणी इथे आत यायचं, अठराव्या शतकाच्या शेवटी वरळीचा बांध झाल्यावर हळूहळू भराव घालून इथे वस्ती झाली. म्हणजे खडक खाली आहेच, पण त्याच्यावर काही ठिकाणी भराव, काही ठिकाणी चिखलाचा थर, मध्येच मुरूम. एकाच बिल्डिंगचा अर्धा पाया मुरमावर आणि अर्धा भरावावर असणं इथे सहज शक्य आहे. आता स्टेशनचा खड्डा खोदताना आत झिरपणारं पाणी पंपाने सतत काढावं लागतं, त्याने आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळी उतरते, मुरमाला काही होत नाही पण चिकणमाती पाणी गेलं की आकसते आणि दबते. सगळी बिल्डिंग सारखी खचली तर फारसं बिघडत नाही, एक कोपरा खचला आणि दुसरा जागेवर राहिला की भिंती तडकतात. आमच्या क्षेत्रात ढोबळ हिशोब असा की खचणं १० मिलिमीटरच्या आत आणि उतार पाचशेला एक (म्हणजे पाच मीटरला एक सेंटिमीटर) पेक्षा कमी असेल तर वरवरच्या तड्यांपलीकडे फारसं नुकसान होत नाही. पण हा हिशोब धडधाकट इमारतीचा. तुमची बिल्डिंग बहुतेक विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा आणि लाकडी तुळया अशी असणार, तिची तब्येत आज काय आहे त्यावर सगळं अवलंबून.

कोलकात्याचं उदाहरण लोक देतात आणि ते खरं आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ला बउबाजारमध्ये टीबीएम पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरात घुसलं, पाणी आणि माती बोगद्यात आली, वरची जमीन खचली आणि दुर्गा पितुरी लेनमधली घरं पडली, लोकांना नेसत्या कपड्यानिशी बाहेर काढून हॉटेलात ठेवावं लागलं, २०२२ मध्ये परत दोनदा तडे गेले. तिथली जमीन गंगेच्या गाळाची, आपल्याकडचा बेसाल्ट वेगळा, त्यामुळे अगदी तसं इथे होईल असं मला वाटत नाही. पण त्यातून एक गोष्ट नक्की मागून घ्या, इमर्जन्सीमध्ये बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली तर कोण कळवणार, लोकांना कुठे नेणार, त्या माणसाचा फोन नंबर काय, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी. बिल्डिंग किती हलली किंवा खचली ते आम्ही नोंदवतो त्या चार्टवर अलर्टचे टप्पे असतात, अमुक मिलिमीटरला पिवळा, अमुकला लाल, लाल झाला की खोदकाम थांबवून कारण शोधायचं. हे आकडे तुमच्या बिल्डिंगसाठी काय ठरवलेत ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे असं धरून चाला आणि विचारा, सोसायटी किंवा भाडेकरू संघाच्या लेटरहेडवर, पोच घेऊन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमके इथेच ढिले पडतात, ते म्हणजे बिल्डिंग कंडिशन सर्व्हे. काम सुरू व्हायच्या आधी कंत्राटदाराची माणसं येतात, खोल्याखोल्यांतून फोटो काढतात, असलेले तडे नोंदवतात. अर्धे लोक दार उघडत नाहीत कारण दुपारची झोप असते किंवा वाटतं की बिल्डिंग धोकादायक ठरवून आपल्याला बाहेर काढतील, मग रिपोर्टमध्ये ‘खोली बंद होती’ एवढंच येतं. आणि दोन वर्षांनी त्याच खोलीत तडा गेला की समोरचा म्हणतो हा जुनाच आहे, आणि तुमच्याकडे तो जुना नाही हे दाखवायला काही नसतं. २०१७ मध्ये मेट्रो ३ च्या कामाजवळ, डी. एन. रोडवरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या हेरिटेज इमारतीचा वरचा नक्षीचा तुकडा पडला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हाही भांडण शेवटी याच जागी येतं, कामाच्या हादऱ्याने पडलं की आधीच सैल झालं होतं. त्यांच्यामागे ट्रस्ट आणि वकील होते. पागडीच्या खोलीतल्या माणसाकडे काय आहे, तर तारीख असलेला फोटो, तेवढाच. तेव्हा दार उघडा, सगळ्यांना उघडायला लावा, आणि त्या रिपोर्टची सही-शिक्क्याची कॉपी घेतल्याशिवाय सोडू नका.

सर्व्हे नीट झाला का हे ओळखायचं कसं, तर ते सांगतो. नुसते भिंतींचे फोटो काढून गेला तर तो सर्व्हे नाही. अशा बिल्डिंगचा जीव मोरीत असतो, कारण वर्षानुवर्षं पाणी मुरून मोरीच्या भिंतीत घुसलेलं लाकडी तुळईचं टोक कुजलेलं असतं, बाहेरून रंग दिलेला असतो म्हणून काही दिसत नाही. मी जातो तेव्हा आधी मोरीच्या खालच्या खोलीत उभा राहून छताकडे बघतो, तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबतो, लाकूड चांगलं असेल तर टोक जेमतेम रुततं, कुजलं असेल तर इंच-दीड इंच सरळ आत जातं आणि काळपट ओला भुसा बाहेर येतो. मग बोटाच्या पेरांनी गिलावा ठोकत जातो, पोकळ आवाज आला की खडूने गोल करून फोटो. जिन्याच्या लँडिंगखाली लोखंडी आय सेक्शन असतील तर गंजून पापुद्रे सुटलेत का ते बघतो. संडासाच्या पाइपाला लागून पिंपळ उगवला असेल तर त्याचाही फोटो. तडा असला तर शेजारी मोजपट्टी धरून रुंदी, आणि दोन्ही टोकांना पेन्सिलची आडवी रेघ आणि तारीख. एका घरी आजींनी हे बघितलं आणि पुढे महिन्याच्या महिन्याला स्वतः रेघ मारून तारीख टाकत गेल्या, त्यांच्या भिंतीवर पेन्सिलीची शिडीच झाली होती, आणि त्यांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणं मग कुणालाच जमलं नाही, कारण तडा कुठल्या महिन्यात किती वाढला ते भिंतीवरच होतं आणि खोदकामाच्या तारखा साइटवरच्या रजिस्टरमध्ये होत्या.

हे तुम्ही आत्ता करू शकता, काम सुरू व्हायला अजून वेळ आहे. मोबाइलने प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, एका भिंतीपासून सुरू करून गोल फिरत, तडे जवळून, मोजपट्टीसकट, आणि तो घरातल्या दोन-तीन जणांना मेल करून ठेवा म्हणजे तारीख पक्की राहते. जमल्यास सगळ्या भाडेकरूंनी वर्गणी काढून स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनीअर लावून स्वतंत्र रिपोर्ट घ्या. कुजलेल्या तुळया निघाल्या तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आत्ताच अर्ज टाका, कारण एकदा मेट्रोचं काम सुरू झालं की मालक मेट्रोकडे, मेट्रो म्हाडाकडे आणि म्हाडा मालकाकडे बोट दाखवतं आणि छत तसंच लटकत राहतं. मी हे बघून बघून थकलोय, खरंच. टेकू देऊन, दोन तुळया बदलून जी बिल्डिंग आरामात टिकली असती ती फक्त ‘खर्च कोणी करायचा’ यावर रिकामी करावी लागते.

काम चालू झालं की बिल्डिंगवर वस्तू दिसायला लागतील, त्या काढू देऊ नका, मुलांना हात लावू देऊ नका. चकचकीत प्रिझम म्हणजे लांबून यंत्राने बिल्डिंग हलली का मोजायला, भिंतीवरची छोटी डबी टिल्ट मीटर, तड्यावर दोन पारदर्शक पट्ट्या एकावर एक, खालच्या पट्टीवर चौकोनी जाळी आणि वरच्या पट्टीवर लाल अधिक, तो क्रॅक गेज, याचं रीडिंग तुम्हीही घेऊ शकता, लाल अधिक शून्यावरून किती सरकलं ते बघायचं, बस. फुटपाथमध्ये पाण्याची पातळी मोजायचा पाइप असतो तो पिझोमीटर, आणि माझ्या मते तुमच्या भागात सगळ्यात जास्त लक्ष यावर हवं, पाणी झपाट्याने उतरतंय म्हणजे पुढे काय होणार त्याची ती आगाऊ सूचना.

खडक लागला की ब्लास्टिंग (सुरुंग) किंवा ब्रेकर (खडक फोडणारं यंत्र). ब्लास्टिंगचं नाव ऐकून लोक हादरतात पण नियंत्रित ब्लास्ट सेकंदभराचा असतो, आणि डीजीएमएसच्या म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मर्यादा आहेत, ८ हर्ट्झच्या खालच्या हादऱ्याला जमीन हलण्याचा वेग साध्या घरांसाठी सेकंदाला ५ मिलिमीटर आणि ऐतिहासिक, नाजूक इमारतींसाठी २ मिलिमीटर. तुमची बिल्डिंग नाजूकमध्ये धरा असं लेखी मागा, ती हेरिटेज यादीत नसली तरी, कारण कुजलेल्या लाकडाला यादी कळत नाही. माणसाला मात्र याच्या कितीतरी खालचा हादरा जाणवतो, कपाटातली भांडी वाजतात म्हणजे बिल्डिंग पडतेय असं नाही. ब्रेकरचं उलटं, हादरा कमी पण दिवसभर टकटक टकटक, डोकं उठतं.

आता सासऱ्यांचं. बिल्डिंगला धोका नसेल तरी त्यांना त्रास होईल का, तर हो, होईल, मुख्य आवाजाचा आणि धुळीचा. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, आता मुंबईत साध्या रस्त्यावरही ५५ मध्ये राहत नाही ही गोष्ट वेगळी. मेट्रो ३ च्या वेळी कफ परेडला याच मुद्द्यावर रहिवासी हायकोर्टात गेले होते, डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टाने रात्रीचं काम थांबवलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अटी घालून परत परवानगी दिली. दुसरी बाजू पण समजून घ्या, दक्षिण मुंबईत दिवसा अवजड गाड्यांना बंदी, त्यामुळे मलबा वाहणारे डंपर रात्रीच येतात, आणि मलबा उचलला नाही तर खोदकाम अडतं, म्हणजे रात्र पूर्ण बंद करून घेतली तर खड्डा तेवढे जास्त महिने उघडा राहतो आणि उघडा खड्डा बिल्डिंगला वाईट. म्हणून सरसकट बंदी मागण्यापेक्षा मी म्हणेन की नेमकं मागा, रात्री ब्रेकर आणि पायलिंग नाही, डंपरचा रिव्हर्स हॉर्न बंद आणि हातात दिवा घेतलेला माणूस, जनरेटर तुमच्या खिडकीपासून लांब आणि आवाज अडवणारी उंच बॅरिकेडं. अशा मागण्या मान्य होतात, मी होताना पाहिल्यात. सासऱ्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पायलिंगचे काही महिने त्यांना तुमच्याकडे आणा, तो काळ सगळ्यात वाईट, पुढे खोदकाम खाली जातं तसा आवाजही कमी होतो. पण खोलीला कुलूप लावून सगळेच निघून जाऊ नका, पागडीच्या खोलीत माणूस, लाइट बिल आणि भाड्याची पावती चालू राहिलीच पाहिजे.

कारण मेट्रो ३ च्या वेळी गिरगाव-काळबादेवीला काय झालं ते आठवा. जगन्नाथ शंकरशेठ रस्ता एवढा अरुंद की स्टेशन बसवायला जुन्या बिल्डिंगा पाडाव्याच लागल्या, पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं बाहेर गेली, आणि त्या लोकांनी आधीपासून एकत्र राहून ‘आम्हाला इथेच घर द्या’ म्हणून लावून धरलं म्हणून पुनर्वसन त्याच भागात करायचं ठरलं. पण घर कुणाला मिळणार याची यादी कागदावरून होते, ज्यांच्या पावत्या आजोबांच्या नावावर आणि पुढे काहीच नाही त्यांची फरपट झाली. म्हणून तुमच्या बिल्डिंगचं काहीही होवो, भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर आहे ना, पोटमाळा मोजमापात धरलाय ना, हे आजच बघा. खालच्या दुकानदारांनी तर जास्तच, कारण जागा जाणार असेल तर निदान नियमाने काही मिळतं, जागा जात नाही पण समोर चार-पाच वर्षं बॅरिकेड आहे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही, त्या तोट्याचे पैसे कुणाला मिळालेले मी तरी पाहिले नाहीत. त्यांनी निदान बॅरिकेडमध्ये फट, दुकानापर्यंत नीट फुटपाथ आणि मोठा बोर्ड हे सुरुवातीलाच मागून घ्यावं.

आणि एंट्री. स्टेशनचा नकाशा ठरतो तेव्हा एंट्री कुठे, हवा बाहेर टाकणारा व्हेंट शाफ्ट कुठे, कूलिंग टॉवर आणि जनरेटर कुठे हे सगळं ठरून जातं, नंतर कितीही मोर्चे काढा, ते हलत नाही. खिडकीसमोर व्हेंट शाफ्ट आला तर तो कायमचा. एंट्रीने फुटपाथ खाल्ला तर तोही कायमचा, आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकात चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, तेवढी एंट्रीच्या बाजूने उरते का ते नकाशावर मोजून घ्या. नागपाडा पावसात तुंबतं हे तुम्हाला मी काय सांगू, तर पायऱ्यांच्या आधीचं जोतं पुराच्या पातळीच्या किती वर आहे आणि ते उचलल्यामुळे पाणी तुमच्या दुकानांत तर वळत नाही ना, दोन्ही विचारा. २६ मे २०२५ च्या पावसात मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं ते काम चालू असलेल्या एंट्रीतून, तिथली पाणी अडवायची भिंतच कोसळली, आणि स्टेशन तर दोन-अडीच आठवड्यांपूर्वीच सुरू झालेलं. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात याच लाइनच्या बीकेसी स्टेशनला आग लागली तीही एंट्रीच्या अर्धवट भागात ठेवलेल्या सामानाला. म्हणून ट्रेन सुरू झाली तरी तुमच्या दाराशी अर्धवट एंट्री असेल तर पाठपुरावा सोडायचा नाही, त्या पत्र्यांच्या मागे काय साठवलंय आणि पाणी कुठे जातंय हे पावसाळ्याआधी वॉर्ड ऑफिसला लेखी कळवायचं.

शेवटचं, मेट्रो जाहीर झाली की बिल्डर येणारच आणि कदाचित आलाही असेल. रीडेव्हलपमेंटला माझा विरोध नाही, उलट अशा बिल्डिंगला तोच खरा उपाय असतो. पण मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्यात नवं बांधकाम करायला मेट्रोची एनओसी लागते, बेसमेंट किती खोल, पाइल बोगद्यापासून किती लांब यावर बंधनं येतात, आणि बोगदा प्लॉटखालून असेल तर टॉवर किती उंच जाईल हेसुद्धा त्यावर ठरतं. तेव्हा कुणी चाळीस मजल्यांचं चित्र घेऊन आला तर सही करायच्या आधी त्याला एवढंच विचारा की मेट्रोची अलाइनमेंट आमच्या प्लॉटवर टाकून पायाचा नकाशा केलाय का, आणि केला असेल तर तो तुमच्या स्वतःच्या इंजिनीअरकडून तपासून घ्या. पाठवायचा असेल तर प्लॉटचा सिटी सर्व्हे उतारा आणि बिल्डिंगचे मोरीकडचे फोटो पाठवा, बघून सांगतो.